पाणी कोणाचं जोखायचं?

जपानी तलवारीची मूठ उतरवली की पात्याचा एरवी न दिसणारा भाग समोर येतो. त्याला नाकागो म्हणतात. पातं आरशासारखं घासून ठेवतात, पण नाकागोला कुणी हात लावत नाही. त्यावर चढलेला काळपट गंज हाच तलवारीच्या वयाचा दाखला. लोहार आपलं नाव तिथेच कोरतो. सतराव्या शतकातल्या काही तलवारींवर लोहाराच्या नावाखेरीज आणखी एक लेख सापडतो. त्याच्या अक्षरांच्या खाचांत सोनं ठोकून बसवलेलं असतं, त्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही ती गंजात पिवळीधमक उठून दिसतात. मजकूर मात्र वाण्याच्या वहीसारखा कोरडा: अमुक तारीख, ‘दोन धडं’ किंवा ‘तीन धडं’ कापली, कापणाऱ्याचं नाव, खाली त्याची सही. यामानो काएमोन नागाहिसा हा त्या काळचा नामांकित परीक्षक. 1665च्या सुमाराच्या लेखात त्यानं स्वतःचं वयही सोन्यात लिहून घेतलं आहे: 68.

धडं माणसांचीच. मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांची, एकावर एक रचलेली.

मराठीत पाणी तलवारीलाही असतं आणि माणसालाही, आणि दोघांचंही जोखता येतं. नाकागोवरचा तो लेख कोणाचं पाणी जोखून लिहिला गेला, याबद्दल त्या काळी कुणाच्या मनात शंका नव्हती. आज आहे. आज जगभरच्या तलवारबाजीच्या शाळांमध्ये भिजवलेल्या चटईची गुंडाळी एका घावात कापणारा विद्यार्थी दिसला की बघणारे म्हणतात, याला तलवार येते. तलवारीच्या परीक्षेची माणसाची परीक्षा कशी झाली, आणि त्यात खरी लढाई कुठे राहिली, ते मागे जाऊन पाहण्यासारखं आहे.

आज सर्वत्र रुळलेला शब्द तामेशिगिरी, म्हणजे कसोटीसाठी कापणं. त्याच्याइतकाच जुना दुसरा शब्द आहे सुएमोनोगिरी. सुएमोनो म्हणजे एका जागी ठेवलेली वस्तू. मला हा दुसरा शब्द जास्त खरा वाटतो. जे कापायचं ते हलत नाही, बघत नाही, उलटून वार करत नाही, हे त्यानं नावातच कबूल केलं आहे.

हा फरक जुन्या लढवय्यांना पक्का ठाऊक होता. मियामोतो मुसाशीनं तरुणपणी साठाहून जास्त द्वंद्वं केली आणि 1645 साली, मरणाच्या उंबरठ्यावर, ‘गोरिन नो शो’ हे तलवारबाजीवरचं पुस्तक पूर्ण केलं. इतर शाळांच्या उणिवा सांगताना तो ‘जोरदार’ वारावर भर देणाऱ्यांचा समाचार घेतो. जोर लावून कापायला जाणं कसोटीच्या कापणीतही वाईटच, असं तो बजावतो. आणि समोर शत्रू असताना हलकं कापू की जोरात, असा विचार कुणाच्या मनाला शिवतही नाही, हेही सांगतो. आणखी एका ठिकाणी तो ठरवून केलेला वार आणि सहज लागून गेलेला वार वेगळे काढतो. दुसऱ्यानं माणूस मेला तरी तो लागलेलाच वार. खऱ्या द्वंद्वांतून गेलेला माणूस हे लिहितो आहे. कसोटी आणि लढाई त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तशा आहेत हे सिद्ध करत बसायची गरज त्याला वाटलेली नाही.

मुसाशीच्या पिढीबरोबर लढाया संपल्या. 1615मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, 1637-38मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि मग दोनशेहून अधिक वर्षं जपानमध्ये मोठं युद्ध झालंच नाही. सामुराईच्या कमरेला तलवारी दोन, पण रणांगण नाही. नवा लोहार नवी तलवार घडवतो, ती चांगली की वाईट हे कळणार कसं? पूर्वी लढाईतून परत आलेला माणूस ते सांगत असे. आता ते काम तुरुंगाच्या आवारात आलं. सोनेरी लेखांचा बहर 1660च्या दशकात यावा, हा योगायोग नाही.

एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हा तुरुंग कोदेनमाचोला होता. तिथे यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यात चालत आलं. पहिला आसाएमोन सादाताके यामानोंच्या हाताखाली शिकला आणि 1716मध्ये वारला. त्याच्या वारसांनी शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, तलवारी तपासायचं काम दीडशे वर्षं सांभाळलं. काम बसवलेलं होतं. मातीचा उंचवटा रचायचा, त्याला दोदान म्हणत. त्यावर प्रेत ठेवून बांबूच्या खुंट्यांनी घट्ट अडकवायचं. तलवारीची नेहमीची मूठ काढून कसोटीसाठीची वेगळी भक्कम मूठ चढवायची, कारण नाजूक कामाची मूठ त्या दणक्यानं फुटली तर परीक्षा पात्याची न होता मुठीची व्हायची. शरीरावर कुठून कुठे कापायचं याला ठरलेली नावं: खांद्यातून तिरका घाव तो केसा, कमरेच्या हाडांतून आडवा तो र्‍योगुरुमा. हा शेवटचा सगळ्यांत अवघड.

या व्यवस्थेची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की तिच्यात माणूस हे माप आहे. दुकानातलं वजन रोज तेच असावं लागतं, तेव्हा कुठे तांदूळ किती ते कळतं. तसा आसाएमोनचा हात तोच, घाव तोच, मूठ तीच, देह तसाच ठेवलेला. बदलतं ते फक्त पातं. 68 वर्षांचा नागाहिसा तलवार पेलतो ती कुणाशी लढायला नव्हे. हजारदा तोच घाव घालून त्याचा हात इतका स्थिर झाला आहे, की फरक पडला तर तो पोलादाचाच पडला असं खात्रीनं म्हणता यावं. वय लिहून घेण्यात थोडा अभिमान असेलच, आणि तो कारागिराचा अभिमान आहे. या मापांमधूनच 1797 साली पाचव्या आसाएमोनच्या अनुभवावर आधारलेलं ‘काइहो केन्जाकु’ हे पुस्तक निघालं. त्यात तलवारी घडवणाऱ्यांच्या चार श्रेणी लावल्या आहेत, आणि सर्वांत वरच्या श्रेणीत जेमतेम डझनभर नावं: नागासोने कोतेत्सु, मागोरोकु कानेमोतो, हिझेनचा तादायोशी. श्रेणी लोहारांना आहेत. कापणाऱ्यांना श्रेणी द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मान मात्र या कामाला मिळाला नाही. प्रेताच्या विटाळामुळे आसाएमोन शोगुनचे रीतसर चाकर कधीच झाले नाहीत, पिढ्यान् पिढ्या रोनिनच, म्हणजे धनी नसलेले सामुराईच, राहिले. तलवारी तपासण्याची बिदागी आणि मृतांच्या यकृतापासून केलेल्या औषधाची विक्री, यावर घर चालायचं, आणि चांगलं चालायचं. मुलाऐवजी दत्तक घेतलेला शिष्य गादीवर बसणं या घराण्यात वारंवार घडलं. शिरच्छेदही तेच करत. 1859मध्ये विचारवंत योशिदा शोइनची मान सातव्या आसाएमोननं उडवली. तो तुरुंग होता तिथे आता एक छोटं उद्यान आहे. आणि त्या मातीच्या उंचवट्याचं नाव जपानी भाषेनं अजून सोडलेलं नाही: अगदी शेवटच्या क्षणी, गळ्याशी आल्यावर, अशा अर्थी रोज बोलला जाणारा ‘दोतांबा’ हा शब्द त्या दोदानच्याच जागेवरून आला आहे. परीक्षेचा अभ्यास दोतांबाला करणाऱ्या पोरांना ते ठाऊक नसतं.

कसोटीच्या आडून माणसाची परीक्षा मात्र याच शांततेच्या काळात हळूच आत शिरली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलेल्या ‘हागाकुरे’ या सामुराईच्या आचारावरच्या ग्रंथात पूर्वीच्या लोकांची आठवण आहे: मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की त्याला गुन्हेगाराची मान उडवायला लावत. एका मुलाला तर पाचव्या वर्षी कुत्रं कापायला लावलं होतं. इथे पातं कसं आहे हे कुणी विचारत नाही. पोराचा हात थरथरतो का, ते बघायचं आहे. हागाकुरे सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो स्वतः एकही लढाई न पाहिलेल्या पिढीतला. लढाई बघायला मिळेना, तेव्हा बांधलेल्या माणसावर घातलेला घाव शौर्याच्या जागी येऊन बसला. पुढे जे झालं त्याचं बीज मला इथे दिसतं.

दरम्यान लढणं शिकवणाऱ्या शाळा आपल्या वाटेनं चालल्या होत्या, आणि त्यांची वाट तुरुंगावरून जात नव्हती. बहुतेक ठिकाणी शिकवण काताची, म्हणजे दोघांनी लाकडी तलवारी घेऊन ठरलेल्या चाली पुन:पुन्हा करायच्या. अंतर किती, वेळ कोणती, समोरचा केव्हा येतो, हे त्यातून अंगात भिनायचं. अठराव्या शतकात जिकिशिनकागे आणि नाकानिशीची इत्तो या शाळांनी बांबूची तलवार म्हणजे शिनाई आणि अंगावर चिलखत घेऊन मोकळ्या लढती सुरू केल्या. लगेच जुन्यांनी ओरड केली: बांबूला धार नाही, असले टोले खऱ्या तलवारीनं कापणारच नाहीत. ओरड खोटी नव्हती. पण शिनाईच्या लढतीत एक गोष्ट होती जी दोदानवर कधीच नव्हती. समोरच्याला हरायचं नव्हतं.

खऱ्या तलवारींची लढाई कशी असते ते मग पुन्हा दिसलं. 1860च्या मार्चमध्ये एदोच्या साकुरादा दरवाजाबाहेर भर हिमवर्षावात 18 जणांनी ई नाओसुके या बड्या मंत्र्याच्या पालखीवर हल्ला केला. त्याच्या रक्षकांनी बर्फापासून जपण्यासाठी मुठींवर खोळी चढवल्या होत्या. त्या सोडेपर्यंत कित्येक जण पडले. पुढची झटापट इतकी जवळून झाली, की मूठ मुठीला भिडली. नंतर बर्फावर तुटलेली बोटं आणि कान विखुरलेले सापडले. खांद्यातून कमरेपर्यंत उतरलेला नेटका तिरका घाव हे चित्र डोळ्यांसमोर असलेल्यानं ही बोटं आठवावीत. मुठी भिडल्यावर समोरच्याचं जे आधी हाताशी येतं ते मूठ धरलेलं बोटच.

चार वर्षांनी, 1864च्या जुलैत, क्योतोच्या इकेदाया खानावळीत रात्री शिन्सेनगुमी या शोगुनच्या बाजूच्या तलवारबाजांच्या तुकडीची धाड पडली. ही माणसं तेन्नेन रिशिन शाळेच्या जाडजूड लाकडी तलवारींवर घडलेली. म्होरक्या कोन्दो इसामीनं नंतर घरच्या मंडळींना लिहिलेल्या पत्रात आपल्या सोबत्यांच्या तलवारींचा हिशेब दिला आहे: नागाकुराची मोडली, ओकिताच्या पात्याचं टोक तुटलं, तोदोच्या धारेचा तर चिरलेल्या बांबूच्या कुंच्यासारखा झाडू झाला. माझी कोतेत्सु म्हणून की काय, धड राहिली. कोन्दोची तलवार अस्सल कोतेत्सु होती की नाही, यावर आजही वाद आहे. अरुंद जिने, अंधार, समोर उगारलेलं पोलाद, ठेंगणी छतं. दोदानवर पात्याला भेटतं ते मांस आणि हाड. इकेदायात पात्याला भेटली दुसरी पाती. पहिल्या श्रेणीच्या तलवारीला हा प्रश्न विचारायची सोय सोनेरी लेखात नव्हती.

मग जुनं जग झपाट्यानं मोडलं. 1870मध्ये सरकारनं प्रेतांवरच्या कसोटीला बंदी घातली, त्याबरोबर मानवी यकृताच्या औषधालाही. 1876मध्ये तलवार बाळगण्यावरच बंदी आली.

तरीही 1887च्या नोव्हेंबरमध्ये सम्राट मेइजीसमोर, एका राजपुत्राच्या वाड्यात, पोलादी शिरस्त्राण ठेवलं गेलं. तिघांनी ते कापायचं होतं. उएदा उमानोसुके आणि हेन्मी सोसुके हे नाणावलेले तलवारबाज, दोघांचीही पाती निष्फळ ठरली. तिसरे साकाकिबारा केन्किची, जिकिशिनकागे शाळेचे प्रमुख, आपली गाठ मारलेली शेंडी मरेपर्यंत न कापणारे. दोतानुकी घडणीच्या तलवारीनं त्यांनी घातलेला घाव शिरस्त्राणात साडेतीन सुन, म्हणजे 10 सेंटिमीटरहून थोडा जास्त, उतरला. जपानी तलवारीच्या इतिहासात हा प्रसंग सोन्याचा मानतात, आणि साकाकिबारांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या दिवशी एक अदलाबदल झाली. नाव पात्याच्या नाकागोवर न जाता माणसाचं झालं. लोकांच्या तोंडी साकाकिबारा राहिले. ठेवलेली वस्तू तीच, मात्र आता मापलं जात होतं ते मनगट. आणि हरलेल्या दोघांना लढता येत नव्हतं असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती; उएदा तर पोलिसांचे तलवारीचे गुरू होते.

यानंतरचा टप्पा लिहिताना हात जड होतो. लष्कराच्या तोयामा शाळेनं 1925मध्ये अधिकाऱ्यांसाठी उभ्यानं वापरायची तलवारीची सोपी पद्धत बसवली आणि तिच्याबरोबर गवताच्या भाऱ्यावर कापायचा सराव. गवत ठीक होतं. पण 1937च्या शेवटी जपानी वृत्तपत्रांनी मुकाई आणि नोदा या दोन अधिकाऱ्यांमध्ये चीनमधल्या नानजिंगच्या वाटेवर शंभर जणांना आधी कोण कापतो अशी शर्यत लागल्याच्या बातम्या कौतुकानं छापल्या. शर्यतीच्या तपशिलांवर जपानमध्ये पुढे कडाक्याचे वाद झाले. पण नोदानं युद्धावरून परतल्यावर शाळेतल्या मुलांसमोर केलेलं भाषण त्यांतल्या एकानं मोठेपणी लिहून काढलं: समोरासमोरच्या लढाईत मारले ते चार-पाचच, बाकीचे शरण आलेले, रांगेत उभे करून कापलेले. दोघांनाही 1948च्या जानेवारीत नानजिंगमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. चीनमध्ये नव्या शिपायांची भीड मोडावी म्हणून त्यांना कैद्यांवर हात चालवायला लावल्याच्या साक्षी खुद्द त्या शिपायांनी दिल्या आहेत. सुएमोनो, ठेवलेली वस्तू. पाच वर्षांच्या पोरासमोर ठेवलेल्या कुत्र्यापासून ही वाट सरळ इथे आली, आणि वाटेत हिला कायम शौर्याचंच नाव दिलं गेलं.

त्याच युद्धात लढाईचं एक वेगळं उत्तरही सापडलं होतं. नारुसे कान्जी या तलवारीच्या जाणकारानं 1938मध्ये चीनमध्ये सैन्याबरोबर फिरून शेकडो तलवारी दुरुस्त केल्या आणि 1940मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्यापुढे आलेल्या नादुरुस्त तलवारींत सगळ्यांत मोठा वाटा मुठींचा होता: हललेल्या, फुटलेल्या, बांबूची खीळ निसटलेल्या. वाकलेली पाती होती, पण त्यांचा क्रम नंतरचा. म्हणजे कसोटीच्या वेळी जी मूठ बाजूला काढून ठेवत, तीच लढाईत आधी दगा देत होती. दोनशे वर्षं पात्याचं पाणी इतक्या काळजीनं जोखणाऱ्या व्यवस्थेला हे दिसणं शक्यच नव्हतं. तिनं मूठ मुद्दाम वगळली होती.

युद्धानंतर उरली ती चटई. तातामीचा वरचा विणलेला थर इगुसा नावाच्या लव्हाळ्याचा असतो. घरातली तातामी नवी करताना जुना थर काढतात, तोच गुंडाळून, बांधून, पाण्यात बुडवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाणी निथळणारी ती गुंडाळी लाकडी बैठकीवरच्या खुंटीत रोवायची. हाड हवं असेल तर आत हिरवा बांबू. ही पद्धत रुजवण्यात नाकामुरा ताइझाबुरोंचा मोठा वाटा. 1912मध्ये जन्मलेले, मांचुरियात तलवार शिकवलेले नाकामुरा 2003पर्यंत जगले आणि आयुष्यभर सांगत राहिले, की कधीच न कापणाऱ्याची तलवारबाजी वाऱ्यावर जाते.

त्यांचं म्हणणं मला अर्धं पूर्णपणे पटतं. घाव घातल्यावर चटईचा वरचा तुकडा पडतो, पण शिकवणाऱ्याची नजर खाली उभ्या राहिलेल्या थोटकावर असते. कापलेला पृष्ठभाग सपाट असला तर पात्याची धार आणि पात्याची वाट एका रेषेत होती. याला हासुजी म्हणतात. मध्ये खोबणीसारखा खड्डा पडला असेल तर मनगट वळलं. कडेला काड्या पिंजल्या असतील तर हात ऐन वेळी घट्ट झाले. बांबूची शिनाई गोल, तिला ही चूक दाखवताच येत नाही; लाकडी तलवार हवेत कितीही चुकली तरी बोलत नाही. चटई बोलते, आणि लगेच बोलते. हासुजी आणि मुठीची पकड यांबद्दल तिच्याइतका खरा शिक्षक नाही.

पण तिचं बोलणं तिथेच संपतं. अंतर तुमच्या सोयीचं, वेळ तुमची, पवित्रा सावकाश घेता येतो, चुकलात तर पुन्हा. हातात तलवार घेतलेला माणूस यांतलं काहीच देत नाही. चटईची एवढी जाडी म्हणजे मनगट, तेवढी म्हणजे मान, अशी समीकरणं अनेक ठिकाणी सांगतात; मान हलते आणि तिच्या पुढे दोन हात असतात, हे त्या समीकरणात धरलेलं नसतं. स्पर्धांचा भर वाढला तसं पोलादही वळलं. खास चटई कापण्यासाठी रुंद आणि पातळ पाती घडवली जातात, जी ओल्या गवतातून लोण्यासारखी जातात आणि हिरव्या बांबूलाही जपूनच लावावी लागतात. आसाएमोनकडे तलवार लढाईसाठी घडे आणि देहावर तपासली जाई. आता ती तपासणीसाठीच घडते.

ज्या जुन्या शाळांमध्ये दोन्ही गोष्टी अजून शहाणपणानं शिकवल्या जातात, तिथे कापणीचा दिवस क्वचित येतो. सकाळी चार-सहा चटया होतात, थोटकं बघितली जातात, कुणाला काय दुरुस्त करायचं ते कळतं. मग तुकडे गोळा करून जमीन पुसली जाते, धारेच्या तलवारी म्यानात जातात. दुपारी लाकडी तलवारी निघतात आणि सकाळी चटई जिथे होती तिथे आता माणूस उभा राहतो, डोळ्यांत डोळे घालून, पाऊल केव्हा टाकायचं ते त्याचं तो ठरवणार.